पावडर बाजूला ठेवा, आधी शुगर बघा

प्रश्न : वय ३९, पलूस तालुक्यात राहतो, साखर कारखान्यात शिफ्ट ड्युटी. लग्नाला चौदा वर्षं झाली, दोन मुलं आहेत, थोरली मुलगी बारा वर्षांची. सात-आठ महिन्यांपासून संबंधाच्या वेळी ताठरता येते पण टिकत नाही, कधी येतच नाही. कॉलेजात असताना हस्तमैथुनाची सवय होती, त्याचा परिणाम असेल का? रस्त्याकडेच्या तंबूतल्या वैद्याकडून पावडर घेतली, सहा हजार गेले. पहिले काही दिवस फरक वाटला, मग पुन्हा तेच. मिसेसना दोन महिन्यांपासून अंगावरून पांढरं जातं, खाज येते, त्याही जवळ येणं टाळतात. पुण्यातला कुणी तज्ज्ञ सुचवा, इथं कुणीतरी ओळखीचं भेटतं. बाकी तब्येत ठीक आहे. वजन जरा उतरलंय, रात्री दोन-तीनदा लघवीला उठतो आणि लिंगाच्या पुढच्या कातडीला बारीक चिरा पडतात, पण ते उष्णतेनं असावं.

उत्तर : ‘बाकी तब्येत ठीक आहे’ म्हणून तुम्ही शेवटी जे दोन ओळींत उरकलंय, तिथूनच मी सुरुवात करतो. रात्री उठून उठून लघवीला जाणं, काही न करता वजन उतरणं आणि पुढच्या कातडीला चिरा पडणं. चाळिशीच्या आसपासच्या माणसानं या तीन गोष्टी एका दमात सांगितल्या की मी पुढचं बोलणं थांबवतो आणि आधी शुगर करून या म्हणतो. उष्णता, कमजोरी, कॉलेजातल्या सवयी, हे सगळं नंतर.

चिरांबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण त्यांच्याकडं कुणी लक्षच देत नाही. कातडी मागं घेताना कडेला उभ्या, लालसर, केसाएवढ्या भेगा दिसतात. लघवीचा थेंब लागला की चुरचुरतं, संबंधानंतर दोन दिवस झोंबत राहतं. आतल्या बाजूला कधी पांढरट थर असतो, कधी लाल ठिपके. बहुतेक वेळा ही कॅन्डिडा नावाची बुरशी असते. रक्तातली साखर साधारण १८०च्या वर गेली की ती लघवीत उतरायला लागते. लघवीचे उरलेसुरले थेंब कातडीखाली राहतात. तिथं ओल असतेच, ऊब असते, आता साखरही मिळाली. बुरशीला आणखी काय पाहिजे? असंच काही महिने चाललं की कडेची कातडी कडक होते, तिचं आवळ कडं तयार होतं आणि ती मागं जायचीच बंद होते. मी त्वचेचा आणि गुप्तरोगाचा डॉक्टर, मधुमेहाचा नव्हे. तरी आपल्याला मधुमेह आहे हे ज्यांना पहिल्यांदा माझ्या टेबलावर या चिरांवरून कळलं, असे पेशंट सांगलीत बसून मी सारखे बघतो.

कातडी घट्ट झाली असेल तर जोर लावून मागं ओढू नका. आंघोळीच्या वेळी सहज जाईल तेवढीच मागं घ्या, साध्या पाण्यानं धुवा, टिपून कोरडी करा आणि आठवणीनं परत पुढं आणा. मागं अडकून पुढं सूज आली तर ती तातडीची गोष्ट आहे, रात्रीचे दोन वाजले असले तरी दवाखाना गाठायचा. आणि कुणी पहिल्याच भेटीत ‘कातडी काढून टाकू’ म्हणालं तर जरा थांबा. शुगर ताब्यात आली आणि बुरशीचं मलम नीट लावलं की पुष्कळदा ती आपोआप सैल होते. वाढलेल्या शुगरवर ऑपरेशन केलं तर जखम भरायलाच त्रास.

तुम्हाला मधुमेह आहेच, असं मी चार ओळी वाचून ठरवत नाही. ठरवायला तपासणी आहे आणि ती स्वस्त आहे. उपाशीपोटी शुगर १२६ किंवा त्याहून जास्त, किंवा तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीएवनसी ६.५ किंवा त्यावर असेल तर मधुमेह म्हणायचा. तुमच्यासारखी उघड लक्षणं नसतील तर एकदा जास्त आलेला आकडा पुन्हा करून पक्का करतात. उपाशीपोटी १०० ते १२५ किंवा एचबीएवनसी ५.७ ते ६.४ म्हणजे उंबरठ्यावर. तिशीच्या पुढच्या सगळ्यांची शुगर आणि बीपी सरकारी आरोग्य केंद्रातही बघतात, पैसे लागत नाहीत. सोबत बीपी, कोलेस्टेरॉल, मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन आणि लघवी. टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी संप्रेरक, मागाहून, गरज पडलीच तर. ते सकाळी सात ते दहाच्या दरम्यान करतात, कारण दुपारी ते एरवीही उतरलेलं असतं. रात्रपाळी करून आल्या आल्या ते तपासून घेऊ नका, आकडा फसवेल.

आता मूळ तक्रार. ताठरता म्हणजे शेवटी रक्ताचा खेळ. इच्छा झाली की मज्जातंतूंतून निरोप जातो, रक्तवाहिन्यांचं अस्तर नायट्रिक ऑक्साइड सोडतं, वाहिन्या सैलावतात, रक्त भरतं आणि आत कोंडून राहतं. हा वायू शरीरात निरोप्याचं काम करतो हे शोधून काढणाऱ्या तिघांना १९९८चं नोबेल मिळालं आणि त्याच वर्षी अमेरिकेत व्हायग्राला परवानगी मिळाली. वाढलेली साखर नेमकं हे अस्तर खराब करते, मज्जातंतूही दुबळे करते. मधुमेह असलेल्या पुरुषांत ही तक्रार इतरांच्या साधारण तिप्पट दिसते आणि दहा-पंधरा वर्षं आधी सुरू होते.

यातली एक बाब मी प्रत्येकाला सांगतोच. लिंगातल्या रक्तवाहिन्या एक ते दोन मिलिमीटरच्या, हृदयाच्या तीन ते चार मिलिमीटरच्या. साखर, बीपी, तंबाखू यांनी सगळीकडंच कीट चढतं, पण अरुंद वाहिनी आधी चोंदते. म्हणून कित्येक पुरुषांत ताठरतेची तक्रार हृदयविकाराच्या दोन-पाच वर्षं आधी येते. चाळिशीचा माणूस ही तक्रार घेऊन आला की मी ईसीजी काढायला लावतो. ‘डॉक्टर, दुखणं कुठलं आणि तुम्ही तपासताय काय,’ असं लोक विचारतात. विचारू देत.

मग यात मनाचा काही भाग नाही का? आहे, भरपूर आहे. पहाटे जाग येते तेव्हा ताठरता असते का, याकडं आठवडाभर लक्ष द्या. निरोगी पुरुषाला झोपेत रात्रीतून तीन ते पाच वेळा ताठरता येते, ती इच्छेवर अवलंबून नसते. पहाटेची चांगली असेल आणि नेमकी संबंधाच्या वेळी जात असेल तर नळ-वायरिंग शाबूत आहे, घोटाळा भीतीचा आहे. पहाटेचीही कमी झाली असेल तर शरीराकडं बोट जातं. तुमच्या वयात बहुधा दोन्ही मिसळलेलं असतं. शुगरमुळं एक-दोनदा फसलं, मग दर वेळी ‘आज जमतंय का’ हीच धास्ती. धास्तीनं अ‍ॅड्रिनलिन वाढतं, वाहिन्या आकसतात आणि पुन्हा फसतं. त्यावर मी जोडप्यांना एक साधं पथ्य सांगतो. तीन आठवडे संबंध बंद. जवळ झोपायचं, स्पर्श करायचा, बोलायचं, पण शेवटपर्यंत जायचं नाही असं दोघांनी आधीच ठरवायचं. परीक्षाच रद्द झाली की धास्ती उरत नाही. तुमच्या बाबतीत हे तीन आठवडे तसेही लागणारच आहेत, कारण दोघांची बुरशी बरी होईपर्यंत थांबणंच बरं.

हस्तमैथुनाचं एका वाक्यात सांगतो : त्याचा याच्याशी काहीही संबंध नाही. वीर्य म्हणजे रक्त आटवून झालेला अर्क नव्हे. त्यातला मोठा वाटा वीर्यकोश आणि प्रोस्टेट या ग्रंथींचा स्राव असतो, शरीर तो रोज तयार करतं. वापरला नाही म्हणून साठून ताकद होत नाही आणि गेला म्हणून हाडं पोकळ होत नाहीत. आपल्याकडच्या तरुणांना ‘धात (म्हणजे वीर्य) जाते’ या भीतीनं थकवा, धडधड, उदासी येते हे मानसोपचारतज्ज्ञ डॉ. एन. एन. विग यांनी १९६० सालीच नोंदवून ठेवलंय आणि तो भीतीचा आजार आहे, धातूचा नव्हे. तंबूवाले ही भीती विकतात, औषध नंतर विकतात. अठराव्या वर्षीच्या एका निरुपद्रवी गोष्टीबद्दल माणूस एकोणचाळिसाव्या वर्षी सहा हजार दंड भरतो, याचा मला खरोखर राग येतो.

आणि ती पावडर. ‘पहिले काही दिवस फरक वाटला’ या तुमच्या वाक्यानं मला दिलासा नाही, काळजी वाटली. कुठलंही मूळ, कुठलंही भस्म तासाभरात ताठरता आणत नाही. ‘शंभर टक्के हर्बल’ म्हणून विकल्या जाणाऱ्या असल्या मालात सिल्डेनाफिल, म्हणजे व्हायग्रातलंच औषध, मिसळलेलं जगभरच्या तपासण्यांत पुन्हा पुन्हा सापडलंय. किती मिसळलंय ते विकणाऱ्यालाही माहीत नसतं. हृदयासाठी सॉर्बिट्रेटसारखी नायट्रेटची गोळी चालू असलेल्या माणसानं ते घेतलं तर बीपी धाडकन कोसळतं आणि जीवही जातो. उद्या तुमच्या छातीत दुखायला लागलं, तुम्ही पावडरीबद्दल चकार शब्द काढला नाही आणि कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरनं जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवली, तर? त्याला कसं कळणार? काही पुड्यांत स्टेरॉइडही असतं, आणि स्टेरॉइडनं शुगर चढते. पावडर आजच बंद करा, पण टाकून देऊ नका; पुडी तशीच डॉक्टरांकडं घेऊन जा.

हीच औषधं डॉक्टरांनी तपासून, मोजून दिली तर चांगली आहेत आणि मी ती देतो. तेलकट-तुपकट जेवणावर सिल्डेनाफिल घेतलं की उशिरा लागू पडतं, आणि गोळी घेऊन नुसतं टीव्ही बघत बसलं तर काहीच होत नाही. इच्छा आणि स्पर्श लागतोच. निम्मे लोक ‘गोळी लागू पडली नाही’ म्हणतात ते या दोन कारणांनी. मेडिकलमधून मित्राच्या सांगण्यावरून घेऊ नका. बीपीची काही औषधं आणि डिप्रेशनच्या काही गोळ्या यांचाही ताठरतेवर किंवा इच्छेवर परिणाम होतो, तेव्हा चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं सोबत न्या. मनानं मात्र एकही बंद करायची नाही. उद्या मधुमेह निघालाच आणि डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन अशी ‘फ्लोझिन’नं संपणारी गोळी सुरू केली, तर तुमच्या डॉक्टरांना या चिरांबद्दल आवर्जून सांगा. औषध उत्तम आहे, हृदयाला आणि मूत्रपिंडाला जपतं, पण ते साखर लघवीवाटे बाहेर टाकतं, म्हणजे बुरशीला पुन्हा आमंत्रण. निदान बुरशी बरी होईपर्यंत तरी दुसरा पर्याय बघता येतो.

आता तुमच्या मिसेस. तुमचा समज असा दिसतो की तुम्ही कमी पडताय म्हणून त्या टाळतात. मला वाटतं, त्यांना दुखत असावं. दोन महिने खाज, आग आणि सुजलेली जागा असताना कुठल्या बाईला जवळ यावंसं वाटेल? आणि त्या काय समजून बसल्या असतील याचाही विचार करा. नवरा अंथरुणात तोंड फिरवून झोपतो, फोनवर काहीतरी औषधं शोधतो, पैसे कुठं गेले सांगत नाही. अशा वेळी बायको पहिला संशय कुठला घेते, हे मी सांगायला नको. तपासायच्या खोलीत माझा एक नियम आहे. बाईला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर नवऱ्यानं द्यायचं नाही. ‘तिला काही नाही हो, जरा पांढरं जातंय,’ असं नवरा सांगतो. त्याला बाहेर बसवून सिस्टर आत आल्या की तीच बाई सांगते, सहा महिन्यांपासून आग होते, मेडिकलवाल्याकडून तीनदा गोळ्या आणल्या, एकदा लिंबू पिळून धुतलं, एकदा डेटॉलनं.

धुण्याचा हा सोस थांबवा. योनीत उपकारक जंतू असतात, ते तिथली आम्लता टिकवतात आणि बाहेरच्या जंतूंना थारा देत नाहीत. डेटॉल, साबण, तुरटीचं पाणी आत घातलं की आधी हे राखणदारच मरतात. बाहेरून साधं पाणी पुरे. आणि प्रत्येक पांढरं जाणं म्हणजे रोग नव्हे. पाळीच्या मध्यावर, गरोदरपणात पातळ, बिनवासाचा, बिनखाजेचा स्राव असतोच. दह्याच्या गुठळ्यांसारखं जात असेल आणि खाज असेल तर बहुधा कॅन्डिडा, म्हणजे तुमच्या चिरांची जुळी बहीण. पातळ, करडं, मासळीसारख्या वासाचं असेल तर जंतूंचा समतोल बिघडलाय. पिवळट-हिरवट, फेसाळ असेल तर ट्रायकोमोनास असू शकतो, तो मात्र संबंधातून पसरतो आणि त्यात नवऱ्यालाही गोळ्या घ्याव्याच लागतात. तिन्हींची औषधं वेगळी. म्हणून तपासल्याशिवाय मेडिकलची गोळी नको. तुम्हाला दोघांनाही लक्षणं आहेत, तेव्हा उपचार दोघांनी एकाच वेळी घ्यायचे, नाहीतर एकाचं बरं होतं तोवर दुसऱ्याचं उलटतं. आणि शुगर त्यांचीही तपासायची. वारंवार कॅन्डिडा होणाऱ्या बाईला मधुमेह नाही ना, हे बघावंच लागतं.

त्या तिशीच्या पुढे असणार, तर याच भेटीत गर्भाशयाच्या तोंडाची तपासणीही उरकून घ्या. सोलापूरच्या पलीकडच्या धाराशिव जिल्ह्यात, तेव्हाच्या उस्मानाबादेत, बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलच्या सहभागानं सव्वा लाखाहून जास्त खेडवळ स्त्रियांवर मोठा अभ्यास झाला. वय ३० ते ५९. आयुष्यात फक्त एकदा, या कॅन्सरला कारण ठरणाऱ्या एचपीव्ही विषाणूची तपासणी केलेल्या गटात या कॅन्सरनं होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. २००९ साली ते प्रसिद्ध झालं आणि जगभरच्या धोरणांत आज त्याचा दाखला देतात. अभ्यास आपल्या बायकांवर झाला, फायदा जगाला झाला; आपल्या गल्लीतल्या किती जणींनी ही तपासणी केली, विचारून बघा. थोरल्या मुलीचं वय बारा, म्हणजे एचपीव्हीची लस द्यायचं अगदी योग्य वय. ९ ते १४ या वयात ती सर्वांत चांगली लागू पडते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची देशी लस २०२३पासून आलीय, आधीच्या परदेशी लसीपेक्षा स्वस्त. मुलीला ‘कॅन्सरची लस’ एवढंच सांगितलं तरी ते खोटं नाही.

पुढचा प्रश्न मी समोर बसलेल्या प्रत्येकाला विचारतो, म्हणून तुम्हालाही विचारतो. राग मानू नका. लग्नाबाहेर संबंध आला आहे का? उत्तर मला पाठवायची गरज नाही, स्वतःशी दिलं तरी चालेल. आला असेल तर एचआयव्ही, सिफिलिससाठी व्हीडीआरएल आणि कावीळ बी ची तपासणी करा. सिव्हिलमधल्या आयसीटीसी केंद्रात एचआयव्हीची तपासणी मोफत होते, आधी समुपदेशक बोलतात, तुमच्या संमतीशिवाय सुई लावत नाहीत. २०१७च्या कायद्यानं संमती आणि गुप्तता दोन्ही बांधून दिलीत. संबंधानंतर दुसऱ्याच दिवशी केलेल्या निगेटिव्ह रिपोर्टला अर्थ नसतो. सहा आठवड्यांनी एकदा आणि तीन महिन्यांनी एकदा करतात. धोका नुकताच झाला असेल तर ७२ तासांच्या आत प्रतिबंधक गोळ्या सुरू करता येतात, त्या २८ दिवस घ्यायच्या. १०९७ हा नंबर मोफत आहे, नाव न सांगता बोलता येतं. लिंगावर न दुखणारा फोड येऊन आपोआप गेला असेल तर ‘गेला ना’ म्हणून सोडू नका. सिफिलिस नेमका असाच वागतो, आणि पेनिसिलिनच्या इंजेक्शननं आजही बरा होतो.

सांगलीकरांना या विषयाची भीती जुनी आहे. एके काळी एचआयव्हीचं प्रमाण जास्त असलेल्या जिल्ह्यांत आपलं नाव घेतलं जायचं. हायवे, ट्रकची ये-जा, गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्यासाठी खानापूर-आटपाडीकडून देशभर गेलेले आणि वर्षातून दोनदा घरी येणारे तरुण, अशी कारणं लोक सांगायचे आणि बोट मात्र सांगलीतल्या गोकुळनगर या वेश्यावस्तीकडं दाखवायचे. प्रत्यक्षात त्याच वस्तीतल्या बायकांनी, १९९२ साली सुरू झालेल्या ‘संग्राम’ संस्थेबरोबर, निरोध वाटायचं आणि बिननिरोधाच्या गिऱ्हाइकाला परत पाठवायचं काम केलं. १९९६ साली त्यांनी ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ ही स्वतःची संघटना उभी केली. आम्ही डॉक्टर मंडळी तेव्हा निरोध हा शब्द उच्चारतानाही खाकरायचो. जिल्ह्याला लैंगिक आरोग्य कुणी शिकवलं, हे प्रामाणिकपणे लिहायचं तर आधी त्यांचं नाव लिहावं लागेल.

निरोधावरून आठवलं, खोबरेल तेल आणि निरोध एकत्र वापरू नका. तेलानं रबर फाटतं. कोरडेपणा असेल तर पाण्यावर आधारित जेल मेडिकलमध्ये मिळतं. आणि आणखी मूल नको म्हणून ऑपरेशनचा विषय घरात निघाला असेल, तर पुरुष नसबंदी बाईच्या ऑपरेशनपेक्षा साधी असते. ताठरता, इच्छा, ऊस उचलायची ताकद, यातलं काही कमी होत नाही. फक्त पहिले तीन महिने निरोध वापरायचा आणि वीर्य तपासून घ्यायचं.

जांघेतल्या नायट्याचा उल्लेख तुम्ही केलेला नाही, पण कारखान्यातल्या उष्णतेत आणि घामात तो असण्याची शक्यता भरपूर. असला तर क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन असलेली ‘तीन औषधं एकत्र’वाली ट्यूब लावू नका. दोन दिवसांत खाज थांबते, बुरशी आत पसरते, कातडी पातळ होते. खिशातून चपटी झालेली अशी ट्यूब काढून टेबलावर ठेवणारा पेशंट रोज एक तरी येतो. त्याच्या जांघेवर लाल-पांढरे वण पडलेले असतात आणि ते जन्मभर जात नाहीत. चड्डी सुती, सैल, उन्हात उलटी करून वाळवलेली. टॉवेल प्रत्येकाचा वेगळा.

रोजच्या वागण्याचं म्हणाल, तर तुमच्या बाबतीत मी तीनच ठिकाणी हात घालेन. पहिली तंबाखू. मळता की नाही ते तुम्ही लिहिलं नाही, पण कारखान्यात शिफ्ट करणारा आणि तंबाखू न मळणारा माणूस मला क्वचित भेटलाय. तंबाखूनं त्याच बारीक वाहिन्या आकसतात. मिसेस मिश्री लावत असतील तर त्यांनाही हेच लागू. दुसरी झोप. टेस्टोस्टेरॉन झोपेत तयार होतं. रात्रपाळीनंतर दुपारपर्यंत सलग झोपायचं असेल तर खिडकीला जाड पडदा लावा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा आणि घरच्यांना दळण, बँक, शेतावरचं काम त्या वेळेत सांगू नका म्हणा. जोरात घोरत असाल, दिवसा डुलक्या येत असतील तर तेही डॉक्टरांना सांगा, झोपेत श्वास अडकण्याचा आणि ताठरतेचा संबंध आहे. तिसरी गोष्ट पाळीतला चहा. साखरेचे पाच-सहा कप, सोबत वडापाव, आणि हंगामात हाताशी असलेला रस-गूळ. गूळ नैसर्गिक आहे म्हणून शुगर वाढवत नाही, ही आपल्या भागातली गोड समजूत आहे. कंबर बेंबीपाशी मोजा. पुरुषाची ९० सेंटिमीटरच्या आत हवी. आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास घाम येईल असं चाला, कामावरची पायपीट त्यात धरायची नाही.

पुण्याचा आग्रह सोडा. मिरजेला मिशन हॉस्पिटल काढणाऱ्या डॉ. वानलेस यांच्या काळापासून लांबलांबून, कर्नाटकातूनसुद्धा लोक उपचाराला येतात, १९६२पासून सरकारी मेडिकल कॉलेज आहे आणि तुम्ही पुण्याची एसटी शोधताय. ओळखीचं कुणी भेटेल ही अडचण मला कळते. सांगलीचे पेशंट कोल्हापूरला जातात, कोल्हापूरचे माझ्याकडं येतात, एसटी महामंडळाचा तेवढाच फायदा. पण मधुमेहाला दर तीन महिन्यांनी दाखवावं लागतं, आणि दर तीन महिन्यांनी पुण्याला कोण जातं? पहिल्या दोन फेऱ्या होतात, मग सुटतं. तुम्हाला आधी हवा आहे तो साधा एमडी फिजिशियन. तिथं बाहेर बसलेल्या कुणालाही तुम्ही बीपीसाठी आलात असंच वाटेल. चिरांसाठी त्वचारोगतज्ज्ञ. मिसेसना स्त्रीरोगतज्ज्ञ, किंवा सिव्हिलमधलं गुप्तरोगांसाठीचं सुरक्षा क्लिनिक, तिथं तपासणी आणि औषधं मोफत असतात.

आठवड्याची सुटी असेल त्या दिवशी दोघं उपाशीपोटी निघा. आदल्या रात्री आठ तास झोप होईल अशी पाळी बघा. पुडी, चालू गोळ्या, घरात कुणाला मधुमेह-हृदयविकार आहे त्याची माहिती सोबत असू द्या. डॉक्टरांसमोर पहिलं वाक्य ‘अंगात कणकण आहे’ असं न बोलता सरळ ‘ताठरता टिकत नाही आणि कातडीला चिरा आहेत’ असं सांगा. दहा मिनिटं वाचतात. तहान अचानक फार वाढली, उलट्या सुरू झाल्या, श्वास जोरात चालायला लागला तर सुटीची वाट बघू नका, त्याच दिवशी दाखवा. कुठल्याही गोळीनं आलेली ताठरता चार तास उतरली नाही तर थेट कॅज्युअल्टी. तिथं लाजून सकाळ होईपर्यंत थांबलेल्यांचं कायमचं नुकसान होतं. मधुमेह निघाला आणि औषध सुरू झालं तर चिरा आणि खाज दोन-तीन आठवड्यांत जातील. ताठरतेला तेवढी घाई करू नका. तिला दोन-तीन महिने द्या, एचबीएवनसी पुन्हा करा आणि मग त्या आकड्यासकट डॉक्टरांशी गोळी लागेल की नाही हे बोला.